चाखणं म्हणजे खाणं नव्हे

राज्यातलं सर्वांत निरोगी गाव म्हणून निंबळ्याचं नाव जाहीर झालं, त्या दिवशी सर्जेराव मगदुमांनी आपल्या गुऱ्हाळावर येईल त्याला पेले भरभरून काकवी पाजली. यात काही विसंगत आहे असं पाजणाऱ्याला वाटलं नाही आणि पिणाऱ्यालाही नाही. पंचगंगेच्या काठचं उसाचं गाव. इथं आनंद व्हायचा तर तोंड गोड करूनच व्हायचा.

"घ्या, आजून घ्या! माझ्या पोरीच्या मशिननं सांगितलंय, आपल्या गावाला कायबी होत न्हाई!" सर्जेराव सांगत होते आणि सांगता सांगता स्वतःही दोन पेले रिचवत होते.

पोरगी म्हणजे डॉक्टर प्रणोती मगदूम. सुया टोचणारी डॉक्टर नव्हे, आकड्यांची डॉक्टर. पुण्याच्या संस्थेत बसून तिनं 'नाडी' नावाचं सर्वेक्षण उभं केलं होतं. राज्यातल्या लाखो लोकांना त्यांचा फोन रोज सकाळी चार-पाच गोष्टी विचारायचा, त्यांच्याच बोलीत. काल काय खाल्लं, किती चालणं झालं, झोप लागली का, तंबाखू खाल्ली का, जिवाला काही घोर आहे का. दात घासता घासता लोक उत्तरं द्यायचे आणि कामाला लागायचे.

रक्ताची तपासणी आजार कुठवर आलाय ते सांगते. तो यायला निघालाय की नाही, हे मात्र आधी ताटात दिसतं, अंथरुणात दिसतं आणि चपलेच्या झिजेत दिसतं. नाडी ते बघायची आणि येत्या दहा वर्षांत कुठल्या गावात शुगर, रक्तदाब, हृदयविकार किती वाढेल याचा नकाशा रंगवायची. लोक उत्तरं देताना चुकतात हे प्रणोतीला ठाऊक होतं. कुणी दोन भाकरींच्या तीन करतो, कुणी तीनच्या दोन. पण उत्तरं लाखांनी जमली की जास्तीचं आणि कमीचं एकमेकांना गिळून टाकतं, आणि खाली उरतो तो बऱ्यापैकी खरा आकडा. नाडीची सगळी इमारत या एका भरवशावर उभी होती: माणसं चुकतात, पण सगळी मिळून एकाच बाजूला चुकत नाहीत.

सरकारला नकाशा आवडला. लाल गावात फिरता दवाखाना दर आठवड्याला जायचा, पिवळ्या गावात महिन्याला. निंबळे इतकं हिरवंगार निघालं की तिथली गाडी बंदच करायचं ठरलं. तसल्या हिरव्या गावांची यादी करून तिच्यावर आरोग्य सचिव सही करणार होते, आणि नाडी साऱ्या देशाला लागू झाल्याची घोषणाही त्याच मंडपात व्हायची होती. मंडप कुठं? अर्थातच निंबळ्यात. प्रणोतीला वाटलं, आपण जन्माला आलो ते सार्थकी लागलं.

समारंभाच्या दोन दिवस आधी ती गावी आली, तर वेशीवर तिचा फ्लेक्स. 'निंबळ्याची वाघीण' अशी अक्षरं, खाली तिचा फोटो, आणि त्याच्याहून किंचित मोठा सरपंच विमलकाकी चौगुल्यांचा. प्रणोती हसली, पण खोटं कशाला सांगा, गाडी थांबवून तिनं त्या फ्लेक्सचा फोटोही काढला.

आबा गुऱ्हाळावर होते. चुलाण धडाडत होतं, काहिलीत रस उकळत होता, आणि काठावर उभे राहून सर्जेराव फावड्यानं तो ढवळत होते. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा गुळव्या नव्हता. पाक कधी उतरवायचा हे ते बोटावर थेंब घेऊन, जिभेला लावून सांगायचे. लेकीला पाहून त्यांचा चेहरा असा फुलला की काहिलीखाली जाळ घालणाराही जाळ घालायचा थांबला.

"आली बगा माजी शास्त्रज्ञ! ये, आधी तोंड गोड कर."

ती पुढं झाली आणि थबकली. चामडं करपल्याचा वास येत होता. तिनं खाली पाहिलं. चुलाणातून उडालेला एक निखारा आबांच्या अनवाणी टाचेखाली होता. त्यातून धूर निघत होता. आबा मजेत ढवळत होते.

"आबा! पाय! पाय उचला!"

सर्जेरावांनी खाली पाहिलं, सावकाश पाय उचलला आणि दुसऱ्याच कुणाच्या पायाकडं बघावं तसं बघितलं. "आगं, ह्यो कवा आला?"

गुऱ्हाळावरची माणसं खो खो हसली. "तात्यांचा पाय म्हंजे पोलाद हाय ताई! मागल्या महिन्यात उकळता पाक सांडला तरी हूं का चूं केलं न्हाई!" आणि सर्जेरावांनी मिशीवरून हात फिरवला.

प्रणोती तिथंच मातीत बसली. तिनं तो पाय मांडीवर घेतला. टाचेवर नवा भाजल्याचा डाग होता, त्याच्याशेजारी जुना, आणि अंगठ्याखाली एक जखम होती, जी बरेच दिवस भरत नसावी. हे पोलाद नव्हतं. वर्षानुवर्षं रक्तात साखर वाढत राहिली की आधी पायाच्या नसा मरतात. नसा मेल्या की दुखणं थांबतं आणि माणसाला वाटतं, आपण काटक झालो. असे पाय पुढं कुठं जातात ते तिनं आकड्यांत हजारदा पाहिलं होतं. आकड्याला टाच असते, हे ती आज पहिल्यांदा पाहत होती.

घरी सोप्यात बसल्यावर तिनं विचारलं, "आबा, नाडीला रोज उत्तरं देता ना?"

"म्हंजे काय! एक बी दिस चुकवला न्हाई. हे बग की." त्यांनी अभिमानानं फोन तिच्या हातात दिला.

तिनं वाचलं. गोड: नाही. चालणं: दोन तास. तंबाखू: नाही. झोप: उत्तम. काल नाही, परवा नाही, कधीच नाही.

"गोड नाही? आबा, तुम्ही दर आधणाला चार-चारदा पाक चाखता. दुपारी गरम गूळ आणि शेंगदाणे खाता. तीनदा गुळाचा चहा होतो."

"चाखणं म्हंजे खाणं न्हवं," सर्जेराव ठामपणे म्हणाले. "चाखणं माजं काम हाय. उद्या शिंप्याला तू म्हणशील कापडं घालतोस किती?"

"आणि हे दोन तास चालणं? ते कुठं?"

सर्जेराव आढ्याकडं बघायला लागले. तेवढ्यात आई चहाचे कप घेऊन बाहेर आली. सुलोचनाबाईंना आडपडदा माहीत नव्हता. "आगं, ते काय घिऊन बसलीस! मी तर रोज पहाटे योगा करते म्हणून सांगते. मला मेलीला मांडी घालता यीना झालीया."

"आई! पण खोटं कशाला?"

"खोटं?" आईला मनापासून नवल वाटलं. "आगं, तुजा पेपर हाय न्हवं का त्यो? विमलकाकींनी ग्रामसभेत सांगितलं, आपल्या पोरीची परीक्षा हाय, समद्यांनी नीट उत्तरं द्या, कुणी गबाळेपणा करू नगा. मग कोण चुकीचं लिवंल?"

प्रणोतीला चौथीतली शाळा-तपासणी आठवली. साहेब येणार म्हणून सगळ्या गावानं मिळून शाळेला चुना लावला होता. गुरुजींनी कुठल्या प्रश्नाला कुणी हात वर करायचा ते ठरवून दिलं होतं. ज्यांच्या घरी पोर नव्हतं तेही धुतलेले कपडे घालून फाटकाशी उभे होते. साहेब खूश होऊन गेले आणि गावानं पेढे वाटले. बाहेरचा माणूस विचारायला आला की आपल्या पोरांची मान खाली जाऊ द्यायची नाही, ही निंबळ्याची रीत. त्याच रीतीनं अख्खं गाव रोज सकाळी दात घासता घासता तिच्यासाठी पास होत होतं.

तिला हसू आलं आणि रडूही आलं. एवढी माया कुणाच्या वाट्याला येते? आणि एवढ्या मायेनं केलेला घोटाळा तरी कुणाच्या?

कारण घोटाळा साधा नव्हता. गूळ तोलायचा काटाच खोटा असेल तर शंभरदा तोलून शंभरदा तेच खोटं वजन मिळतं, उलट आपली खात्री वाढत जाते. निंबळ्यात सगळे एकाच बाजूला चुकले होते. सारखी उत्तरं बघून नाडीनं शंका घेतली नव्हती. तिनं गावाला शिस्तीचे गुण दिले होते. आता त्या गुणांपायी दवाखान्याची गाडी बंद होणार होती, आणि गाडी बंद झाली की आबांचा पाय कुणाला दिसणार नव्हता, आबांना तर नाहीच.

तिनं पुण्याला संचालक डॉक्टर नंदिनी बर्व्यांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"निंबळे यादीतून गाळू. तांत्रिक अडचण म्हणू आणि समारंभ दुसऱ्या गावात घेऊ."

"मॅडम, इथं लोक माझ्यासाठी असं बोलले. दुसऱ्या गावात सरपंचासाठी बोलत असतील, मास्तरांसाठी बोलत असतील. आपल्या माणसाचं नाव राखायचं असतं, ते कुठल्या गावात नसतं?"

"असेल. पण एका घरावरून अख्खं गाव ठरवता येत नाही, हे तूच शिकवतेस ना पोरांना? संशय म्हणजे शास्त्र नव्हे. सचिव परवा येतायत. तोवर पुरावा आण, नाहीतर यादी जाऊ दे."

रागवावं असं त्यात काही नव्हतं. बाईंच्या जागी प्रणोतीही हेच बोलली असती.

तिनं आबांना सांगितलं की मंडपात आपण खरं काय ते बोलणार. सर्जेरावांच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "चारचौघांत आमाला खोटारडं ठरवणार? ज्या गावानं तुजा फोटू वेशीवर लावला, त्या गावाचं नाक तू कापणार?"

"आबा, तुमच्या पायासाठी..."

"माज्या पायाचं नाव घिऊ नगंस. तू आसं बोलणार आसशील तर त्या मंडपात मी येणार न्हाई." आणि ते भिंतीकडं तोंड करून बसले. त्यानंतर घरात जे काही बोलणं झालं ते आईमार्फत झालं. 'तिला म्हणावं मीठ दे' आणि 'त्यांना म्हणावं पायाला मलम लावा' असा कारभार. फक्त मलम त्यांनी लावून घेतलं, तेही लेकीकडं न बघता.

प्रणोतीपुढचा पेच असा होता: गावाकडून खरं काढायचं, पण एकाही माणसाला खाली बघायला लावायचं नाही. त्यावर सांख्यिकीत एक जुनी, फार माणुसकीची युक्ती आहे. उत्तर देणाऱ्याच्या हाती नाणं द्यायचं. ते त्यानं कुणाला न दाखवता उडवायचं. छापा पडला तर प्रश्न काहीही असो, 'हो' म्हणायचं. काटा पडला तर मात्र खरं सांगायचं. मग कुणी 'हो' म्हणाला तर ते त्याचं आहे की नाण्याचं, हे देवालाही कळत नाही. माणूस झाकला जातो. पण नाण्यामुळं किती 'हो' यायला हवेत ते आपल्याला माहीत असतं. त्याहून जास्त आलेले 'हो' खरे.

अडचण एवढीच, की नाणी मोडीत निघून बरीच वर्षं झाली होती. सगळा व्यवहार फोनवर. आणि फोनवर ही युक्ती करावी तर लोकांना वाटणार, फोन बघतोय.

"दुसरं काय तरी उडीव की," आई म्हणाली. "आमी ल्हानपणी उसाच्या फाका उडवायचो. हिरवी का पांढरी." आणि तिनं उसाचं कांडकं घेऊन उभं चिरलं. एका अंगाला साल, दुसऱ्या अंगाला गर.

दुपारभर मायलेकी अंगणात फाका उडवत बसल्या. हात चिकट झाले, मुंग्या जमल्या, शेजारच्या पोरांनी प्रयोगाची निम्मी साधनं चोखून टाकली. फाक काही नाण्यासारखी सरळ पडत नव्हती. पांढरी बाजू थोडी जास्त वेळा वर यायची.

"मग चालंल का गं? ही तर लबाड हाय," आईनं विचारलं.

"चालेल. ती सरळ असायला पाहिजे असं काही नाही आई. तिची खोड किती, ते ठाऊक असलं की पुरे."

सर्जेराव सोप्यातून हे ऐकत होते, पण भिंतीकडं तोंड करून.

समारंभाच्या दिवशी शाळेचं मैदान फुलून गेलं होतं. फेटे, हलगी, पुढच्या रांगेत बायका, मागं पुरुष. सर्जेरावांची खुर्ची रिकामी होती. विमलकाकींनी भाषणात गावाच्या तब्येतीचं असं वर्णन केलं की सचिवसाहेबांनी पोट आत घेतलं. मग प्रणोतीचं नाव पुकारलं गेलं आणि टाळ्या थांबेनात.

"भाषण नंतर करते," ती म्हणाली. "आधी आपण एक खेळ खेळू. मी लहान होते तेव्हा साहेबांपुढं तुम्ही सगळे माझ्यासाठी उभे राहिला होता, तसं आज एकदा माझ्यासाठी खेळा."

फाकांनी भरलेल्या पाट्या फिरल्या. प्रत्येकाच्या हातात उसाची एक फाक आली. तिनं नियम सांगितला, दोनदा सांगितला. बायकांनी पदराआड फाक उडवली, बाप्यांनी टोपीत. हिरवी बाजू आलेल्यांनी काही विचार न करता हात वर करायचा. पांढरी आलेल्यांनी खरं असेल तरच.

"प्रश्न असा. काल गोड पोटात गेलं का? चाखलेलंही धरायचं."

गावात काल कुणीच गोड खाल्लं नसतं, तर निम्म्याहून थोडे कमी हात दिसले असते. तिनं मान वर केली. मंडपात हातांचं रान माजलं होतं. वर न गेलेला हात शोधावा लागत होता. व्यासपीठावर विमलकाकींचाही हात वर होता आणि दुसऱ्या हातानं त्या पदर सारखा करत होत्या.

लोक एकमेकांच्या हातांकडं बघायला लागले. कुठून तरी हसू फुटलं, आणि बघता बघता सगळा मंडप हसायला लागला. डॉक्टर बर्वे मात्र हसत नव्हत्या. त्या उभ्या राहून रांगेरांगेनं हात मोजत होत्या.

"आगं, पर ह्यात कुणाचं काय कळलं?" विमलकाकींनी घाईघाईनं विचारलं.

"कुणाचंच नाही काकी. गावाचं तेवढं कळलं." मग तिनं मंडपाला हात जोडले. "तुम्ही मला पास करायला उत्तरं दिलीत. असं गाव मला मिळालं, याचा अभिमान मी मरेपर्यंत सांगेन. पण ही परीक्षा माझी नव्हती. यात मी पास झाले की तुमचा दवाखाना जातो."

हसू विरलं आणि आता गावाला लागेल असं तिला वाटलं. विमलकाकींचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "वाट द्या, तात्या आलं."

सर्जेराव मधल्या वाटेनं येत होते. टाचेला पट्टी, आणि कधी नव्हे ते पायात चप्पल. पाटीवाल्यानं त्यांच्यापुढं फाक धरली.

"मला नगं. मला आडोसा नगं." त्यांनी रिकामा हात सरळ वर केला आणि तसाच ठेवून माईकपाशी आले. "मी सर्जेराव बाळू मगदूम. मी काल गोड खाल्लं. परवा खाल्लं. जलमभर खाल्लं, आनि चाखतोय म्हणून सांगितलं. परवा माज्या पायाखाली निखारा हुता आनि मला कळलं न्हाई. मंडळी, मी त्याचा बी मोठेपणा मिरवला." ते लेकीकडं वळले. "पोरीला वाटलं मी रुसलो. रुसलोच हुतो. बाप हाय. पर रातीतनं इच्यार केला, आमी हिला एवढं शिकवलं ते खरं काढायलाच न्हवं का? साहेब, गाडी बंद करू नगा. पयला मी बसतो तीत."

सचिवांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं. यादी तशीच घडी घालून खिशात गेली. मग टाळ्या पडल्या, आणि सगळ्यांत आधी विमलकाकींनी वाजवल्या.

नाडीची घोषणा त्या वर्षी झाली नाही. प्रणोतीला सगळं सर्वेक्षण उसवून पुन्हा शिवावं लागलं. गावोगाव पाट्या फिरल्या. जिथं ऊस नव्हता तिथं चिंचोके फोडून उडवले. कितीतरी हिरवी गावं पिवळी झाली, काही लाल. पुढच्या वर्षी जगभरच्या शास्त्रज्ञांनी फाकांनी नाडीच ताडून बघायची ही पद्धत तपासून मान्य केली, तेव्हा नाव काय द्यायचं असा प्रश्न निघाला. 'मगदूम' सुचवलं गेलं. प्रणोतीनं नको म्हटलं. आता ती पुस्तकांत 'निंबळे कसोटी' म्हणून शिकवतात.

नकाशात निंबळे लालभडक आहे. वेशीवरचा फ्लेक्स बदललाय; विमलकाकींचा फोटो आहे तेवढाच मोठा, खाली अक्षरं आहेत, 'खरं बोलण्यात देशात पहिलं'. दर आठवड्याला फिरता दवाखाना येतो. सर्जेरावांचा पाय वाचला, अंगठा मात्र गेला. गुऱ्हाळावर ते अजून उभे असतात, पण चपला घालून. पाक चाखायचा तो एका थेंबावर, आणि तोही नाडीला सांगून.

नाडीतली एकेका माणसाची उत्तरं प्रणोतीला दिसत नाहीत, तसा नियमच आहे. पण सर्जेराव नियमाला जुमानणारे नव्हेत. रोज सकाळी फोनला उत्तरं दिली की लगेच ते लेकीला फोन लावतात आणि तीच उत्तरं पुन्हा सांगतात, खणखणीत आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

"काल गोड: येक थेंब, चाखायला. आनि बारशाचा येक पेढा, खाल्ला. चालणं: देवळापातूर, म्हंजे लई न्हाई. योगा: तुज्या आईनं केला न्हाई."

"आबा, मला सांगायची गरज नसते."

"आसू दे. तवा तुजा पेपर आमी लिवला हुता," सर्जेराव म्हणतात. "ह्यो आमचा हाय. आमीच लिवलाय. तू तपास."